टिन, एक नग

शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता मी मोबाईलवर यादी वाचत होतो, आणि शेवटच्या ओळीशी आलो तेव्हा हातातली बशी कलली. चहा लुंगीवर सांडला. यादी पुतण्यानं टाकली होती, ऋत्विकनं. तलाठी झाल्यापासून त्याला सगळं नगात आणि किलोत लिहायची सवय लागली आहे. जाड कणिक बारा किलो, वांगी सात किलो, तुरीची डाळ, तूप, लसूण, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दहा जुड्या, गोवऱ्या दोनशे, पत्रावळी साठ. आणि सगळ्यात खाली, टिन, म्हणजे छपराचा पत्रा, एक नग. पुढं लिहिलं होतं, पाऊस आला तर जगऱ्यावर धरायला. मी ती ओळ तीनदा वाचली. चवथ्यांदा वाचताना माझा डावा हात आपोआप खाली गेला आणि लुंगीचा काठ चिमटीत धरून बसला. स्नेहलता, माझी बायको, समोर लसूण सोलत होती. "सांडवला न चहा," ती म्हणाली. "काय आलं त्याच्यात एवढं?" मी म्हटलं, "काही नाही. रविवारची यादी आली." "मंग तोंड कायले असं केलं?" मी तोंड कसं केलं होतं ते मला काय ठाऊक. मी उठून मोरीत गेलो, नळ सोडला आणि बराच वेळ लुंगी धूत राहिलो. नंतर पाहिलं तर डाग दुसरीकडंच होता.

पुण्याच्या व्याह्यांना रोडगे म्हणजे काय ते समजावताना माझं डोकं फिरतं. बाटीच की हो, म्हणतात. अहो, बाटी नाही. जाड कणकेच्या पाऱ्या एकात एक घालून केलेला मुठीएवढा गोळा, आणि तो वावरातच भाजायचा. गोवऱ्या रचून पेटवायच्या, धूर सरून लाल आर पडला की त्याला म्हणायचं जगरं. त्यात रोडगे पुरायचे आणि मग तासभर तिथून हलायचं नाही. पहिला रोडगा मारोतीला, मग माणसांना. सकाळी घरातून निघायचं, कडुनिंबाखाली सतरंज्या टाकायच्या, पोरांनी हरभऱ्याचे ढाळे ओरबाडायचे, बायांनी वांग्याची भाजी रटरटवायची, पुरुषांनी जगऱ्याभोवती बसून अकला पाजळायच्या, आणि उन्हं कलली की घरी. वर्षातून एक दिवस. आमच्या घरात हे आजोबांपासून चालू होतं आणि आठ वर्षांपूर्वी बंद पडलं. आठ वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या अशाच एका रविवारी, मोताळ्याजवळच्या आमच्या वावरात, माझा धाकटा भाऊ तुळशीराम वीज पडून गेला. ऋत्विक त्याचा मुलगा. मंजुश्री त्याची बायको. तिनं नवस बोलला होता की पोराला नोकरी लागू दे, एक्कावन्न रोडगे त्याच मारोतीला, त्याच वावरात. बाईची छाती आहे. माझी नाही. नवरा जिथं गेला तिथंच जाऊन ती देवाकडं मागणं मागते, आणि मी मलकापुरातल्या या भाड्याच्या घरात बसून एका शब्दाला घाबरतो. कारण तुळशीराम गेला तेव्हा त्याच्या हातात टिन होतं, हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

मोताळ्याच्या कचेरीत मी एकतीस वर्षं कारकून होतो आणि त्यातली एकोणीस वर्षं पाऊस मोजला. आवारात पर्जन्यमापक होतं. सकाळी त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेघेशी आणायचा, आकडा वहीत लिहायचा आणि जिल्ह्याला कळवायचा. पाणी नसलं की लिहायचं निरंक. एवढंच काम. पण गावाला वाटायचं मला पाऊस कळतो. रस्त्यानं चाललो की कुणीतरी हमखास विचारायचा, "काहो उद्धवभाऊ, येते का आज?" आधी मी हसायचो. मग हळूहळू सांगायला लागलो. चारात दोनदा बरोबर यायचं, बोलाफुलाला गाठ, आणि लोक तेवढे दोनच लक्षात ठेवायचे. मीही तेवढेच ठेवायला लागलो. पडलेला पाऊस मोजणारा आणि पडणारा पाऊस ओळखणारा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो हे मी साफ विसरलो. त्या रविवारी सकाळी तुळशीराम गाडीत गोवऱ्या भरता भरता वर पाहून म्हणाला, "दादा, आभाय भरून राह्यलं. पुढच्या इतवारी जाऊ न." मी म्हटलं, "हे वरच्या वर सातपुड्याकडं जाते. मले शिकवतं का बे?" सगळे हसले. तुळशीरामही हसला. त्याचं हसणं एका बाजूचं होतं, वरचा एक दात पडलेला होता म्हणून तो ओठ मिटून हसायचा. आता त्याचा चेहरा आठवायला गेलो की आधी तो मिटलेला ओठच येतो आणि बाकीचं यायला वेळ लागतो. कधी कधी येतच नाही.

दुपारी एकच्या सुमाराला वारं सुटलं. जगऱ्यात रोडगे पुरून पंधरा मिनिटं झाली असतील. आधी टपोरे थेंब, मग गारा. बाया पातेली उचलून देवळाच्या ओट्यावर पळाल्या, पोरं आत मारोतीजवळ शिरली, त्यातच सतरा वर्षांचा ऋत्विक. मी आणि तुळशीराम विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत, दारातच, कारण आत मोटार आणि पाइप असल्यानं जागाच नव्हती. मधे वीस-पंचवीस पावलांवर जगरं, त्यातून फसफस वाफ निघत होती. मंजुश्री ओट्यावरून ओरडली, "अहो, जगरं विझून राह्यलं!" हे सगळ्यांनी ऐकलं. त्याच्यानंतरचं कुणी ऐकलं नाही, आणि गारांच्या माऱ्यात ओट्यावरून कुणाला काही दिसलंही नाही. भिंतीला एक टिन टेकवून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "जाय, ते टिन धर त्याच्यावर. पाच मिन्टात जाते हा पाऊस." तुळशीरामनं माझ्याकडं पाहिलं. "दादा, इजा पडून राह्यल्या." मी म्हटलं, "भेतं का बे? तू एका बाजूनं धर, मी आलोच." चव्वेचाळीस वर्षांचा, बायकापोरांचा माणूस, पण थोरल्या भावानं 'भेतं का' म्हटल्यावर तो गेला. टिन डोक्यावर घेऊन पळत गेला. आणि मी 'आलोच' म्हणालो ते काही खोटं नव्हतं. मी जाणारच होतो. फक्त पॅन्ट नवी होती. गंधारच्या, माझ्या मुलाच्या, साखरपुड्याला शिवलेली. चिखल लागू नये म्हणून मी वाकून पॅन्ट दुमडत होतो. उजवा पाय दुमडून झाला. डावा अर्धा झाला.

पांढरं. दुसरा शब्द मला आठ वर्षांत सापडला नाही. आवाज नंतर आला की आलाच नाही, देव जाणे. कान गेले होते. तोंडात खिळा चघळल्यासारखी चव. वाकलेला होतो तो तसाच गुडघ्यावर बसलो होतो, आणि चिमटीत पॅन्टचा डावा काठ तसाच. मान वर केली तेव्हा टिन वाऱ्यावर उडत चाललं होतं, बांधावर एकदा आपटलं आणि पलीकडं रामरावच्या वावरात जाऊन पडलं. सगळे धावत आले तेव्हा तुळशीराम जगऱ्याशेजारी उताणा होता आणि त्याचे हात रिकामे होते. मी काही लपवलं नाही, हे मी स्वतःला हजार वेळा सांगून पाहिलं आहे. पंचनाम्यात मला विचारलं नाही आणि मी बोललो नाही. हाक ऐकून जगरं वाचवायला धावला, असं लिहिलं गेलं. रामरावनं दुसऱ्या दिवशी ते टिन उचलून आपल्या गोठ्यावर टाकलं, त्याला वाटलं वाऱ्यानं कुठून तरी आलं. त्याचा एक कोपरा काळा पडलेला आहे. आठ वर्षं वावरात गेलो की माझी मान त्या गोठ्याकडं वळते आणि मी ती परत इकडं आणतो. त्या दिवशी पाऊस झाला चौदा मिलिमीटर. मी नंतर वही उघडून पाहिलं. चौदा काहीच नाही. चौदानं ओढ्याला पाणीसुद्धा येत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून घरी आलो. आई, अन्नपूर्णाबाई, ओसरीत खांबाला टेकून बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. त्याच बसलेल्या आवाजात, कुणाकडं न बघता, ती म्हणाली, "हिनं हाक मारली म्हणून माहा लेक भाईर गेला." मंजुश्री भिंतीशी होती. तिनं मान खाली घातली. मला वाटलं ती उसळेल, म्हणेल की मी काय त्याला जा म्हटलं का, नुसतं विझतंय म्हटलं. पण तिलाही तसंच वाटतंय हे मला लख्ख दिसलं. त्या क्षणी मी बोलायला पाहिजे होतं. मी बोलणारच होतो. मी आईजवळ गेलो, तोंड उघडलं आणि म्हणालो, "आई, जेवून घे."

तेव्हापासून आईनं मंजुश्रीच्या हातचं अन्न सोडलं. एका घरात, एका चुलीवर. स्वयंपाक मंजुश्रीच करायची, कारण स्नेहलता सकाळीच शाळेत शिकवायला जायची. मग मी काय करायचो, तर मंजुश्रीनं केलेलं मी ताटात वाढून घ्यायचो, आईसमोर न्यायचो आणि म्हणायचो, "स्नेहलनं करून ठेवलं जाता जाता." आई जेवायची. सहा वर्षं रोज सकाळी साडेनऊला, कचेरीत जाण्याआधी, हे ताट मी नेलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्यात बरं वाटायचं. मला वाटायचं मी दोघींना सांभाळतो आहे. ताट न्यायला वळलो की मंजुश्री पदरानं कपाळ पुसत माझ्याकडं बघायची, तिच्या डोळ्यात उपकार असायचे. उपकार! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत निखारा होता आणि चटका तिला बसत होता. आई दोन वर्षांपूर्वी आषाढात गेली. शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मंजुश्री उशाशी गंगाजलाचा चमचा घेऊन उभी होती. आईनं डोळे उघडले, तिला पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. मरणाच्या दारात वाद नको म्हणून मी मंजुश्रीच्या हातून चमचा घेतला आणि स्नेहलताकडं दिला. त्यानंतर मी निवृत्त होऊन मलकापूरला आलो. कारण विचारलं की सांगतो, इथं दवाखाने जवळ आहेत, गंधारला रेल्वेनं यायला बरं पडतं.

लुंगी बदलून मी ऋत्विकला फोन लावला. म्हटलं, "यादी पायली. टिन कायले लिहिलं?" तो हसला. "काका, आभायाचा काही भरोसा आहे का आजकाल? मोबाईलवर ढगाळ दाखवून राह्यले. आईचा नवस आहे, जगरं विझलं तं आयुष्यभर रडत बसन." मी म्हटलं, "टिन नको आणू." "काऊन?" तो म्हणाला. साधा प्रश्न. त्यात संशय नव्हता, काही नव्हतं. पोरगं सरळ आहे, बापासारखं. विजेचं नाव घेतलं असतं तर त्यानं विचारलं असतं की टिनाचा आणि विजेचा काय संबंध काका, बाबांच्या हातात तर काहीच नव्हतं. मी म्हटलं, "उगाच ओझं." तो म्हणाला, "बरं, तुम्ही म्हणता तं नाही आणत." फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेर जाऊन पाव किलो पेढे आणले. स्नेहलतानं विचारलं कशाचे. मी म्हटलं पोराच्या नोकरीचे. नोकरी लागून तीन महिने झाले होते. तिनं पेढा खाल्ला आणि वर पाणी प्यायलं.

रविवारी सकाळी ऋत्विक गाडी घेऊन आला. मलकापूर सुटलं तेव्हा ऊन होतं. मी मागं वळून गाडीतलं सामान मोजलं, टिन नव्हतं. वावरात पोहोचलो तर मंजुश्रीच्या माहेरचे, पिंपळगाव राजाचे दहा-बारा लोक आधीच येऊन बसले होते. मंजुश्री परातीपुढं बसून पाऱ्या थापत होती. तिचे केस अर्धे पांढरे झाले आहेत. तिची भावजय काहीतरी म्हणाली आणि ती मोठ्यानं हसली. तिला हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवेना. ती मला म्हणाली, "मोठे भाऊजी, तुम्ही नुसते बसा सावलीत. यंदा तुमाले काम नाही." मी बसलो. हरभऱ्याचा आंबूस वास, गोवऱ्यांचा धूर, लसणाची फोडणी. सगळं तेच. कडुनिंबाची एक मोठी फांदी मात्र तोडलेली होती आणि तिथून ऊन सरळ मांडीवर येत होतं. मला वाटलं, होईल आजचा दिवस साजरा. रात्री मंजुश्री शांत झोपेल, नवस फिटेल, आणि नवस फिटला की जुनंही काहीतरी फिटत असेल. माझ्यासारख्या माणसाला असल्या आशा फार लवकर लागतात.

साडेबाराला राजूरच्या घाटाकडून ढग वर आला. आधी हातरुमालाएवढा, मग बघता बघता अर्धं आभाळ. रोडगे नुकतेच जगऱ्यात पुरले होते. पिंपळगावचा एक म्हातारा मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "काहो उद्धवभाऊ, येते का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "मले नाही माहीत." "असं कसं? तुम्ही तं पावसाचे मास्तर." "मले नाही माहीत म्हणलं न!" मी इतक्या जोरात ओरडलो की स्नेहलतानं वळून पाहिलं. वारं आलं. जगऱ्यावरची राख उडाली, खालचा लाल आर दिसला. दूर कुठं तरी गुरगुरलं. मी म्हटलं, "चला, सगळे गाडीत बसा. राहू द्या हे." मंजुश्री परात धुता धुता थांबली. "भाऊजी, जगरं टाकून कसं जाता येईन? देवाचा रोडगा आहे त्याच्यात." बाकीचे हसले. दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला लोक हसतात, त्यात त्यांचं काय चुकलं? मी ऋत्विकला शोधायला वळलो आणि तो मला बांधावरून येताना दिसला. डोक्यावर दोन्ही हातांनी टिन धरलेलं. "रामरावकाकानं देलं गोठ्यावरचं," तो ओरडून म्हणाला. "नुसतंच ठेवेल होतं."

काळा कोपरा त्याच्या उजव्या हाताशी होता. तो जगऱ्याशी येऊन उभा राहिला, अगदी त्याच जागी, विहिरीकडं पाठ करून. "काका, या न," तो म्हणाला. "एका बाजूनं तुम्ही धरा." मी म्हटलं, "ठेव खाली." "अहो काका, थेंब पडून राह्यले." "ऋत्विक, ठेव ते खाली." तो हसला. त्याचे सगळे दात शाबूत आहेत, पण हसतो एका बाजूनंच. "भेता काय काका? दोन मिन्टाचं काम आहे." मग मला जे झालं ते असं की माझा डावा हात खाली जायला लागला. पॅन्टच्या काठाकडं. देवाशपथ सांगतो, पोरगं टिन घेऊन उघड्यावर उभं आहे, वर गुरगुरतंय आणि माझा हात पॅन्ट दुमडायला चालला आहे. मी तो हात पाहिला. त्या हाताची मला इतकी किळस आली की मी धावलो. भाजीच्या चुलीशी पाण्याचं पिंप होतं, अर्धं भरलेलं. कुठून बळ आलं ठाऊक नाही. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि जगऱ्यावर पालथं केलं.

जगऱ्यावर पाणी टाकत नाहीत. ते आपोआप निवू द्यायचं. पाणी टाकतात ते चितेवर, असं आई सांगायची, आणि तिथं जमलेल्या प्रत्येकाच्या आईनं सांगितलेलं होतं. भस्सकन वाफ उठली, राख तोंडात, नाकात, सगळं पांढरं. वाफ ओसरली. काळ्या चिखलात रोडगे दिसत होते. मग मंजुश्री आली. अशी आली की मला वाटलं मारते. "माह्या नवसावर पाणी टाकलं तुम्ही," ती म्हणाली. ओरडली नाही. "आठ वर्षं झाली मले, भाऊजी. काऊन टाकलं? सांगा न. काऊन?" स्नेहलता मधे पडत म्हणाली, "अवो, त्यायची तब्येत बरी नाही दोन दिवसापासून." बाईनं मला पळायला वाट करून दिली होती. मला वाट करून देणारं कुणी ना कुणी नेहमीच असतं. मी म्हटलं, "त्याच्या हातात टिन होतं."

"कोणाच्या?"

"तुळशीरामच्या. हेच टिन होतं. तुझ्या हाकेनं नाही गेला तो. मी म्हटलं त्याले, टिन धर. तो नाही म्हणत होता. मी म्हटलं, भेतं का बे. मी म्हटलं, मी आलोच. अन् मी नाही गेलो." आणखी सांगायचं होतं. पॅन्टचं सांगायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही, आणि आजही निघालेलं नाही. ऋत्विकनं टिन हळूच खाली ठेवलं. वाकून काळ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडं पाहिलं. "काका," तो म्हणाला, "मी परवा फोनवर इचारलं होतं तुमाले." एवढंच म्हणाला. मंजुश्री माझ्याकडं बघत होती. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, मी त्यासाठी तयार होतो, मला ते हवंच होतं. तिनं विचारलं, "काय म्हणला तो जातानी?"

"दादा, इजा पडून राह्यल्या, म्हणला."

"म्हणजे भेत होता."

"हो."

"मले वाटे, हसत गेला असन," ती म्हणाली. "माह्या हाकेवर तो नेहमी हसतच ये." मग ती खाली बसली, मातीतच. हातावरच्या कणकेच्या खपल्या काढत राहिली. "सासूबाईच्या तोंडात पाणी टाकायले मी चमचा घेऊन उभी होती, भाऊजी. तुम्ही माह्या हातातून घेतला तो. मले वाटलं, किती जीव आहे मोठ्या भाऊजीचा, माही लाज झाकली." पिंपळगावची माणसं सतरंजीच्या रेघा बघत होती.

आणि पाऊस आला नाही. तो ढग जसा आला तसा वरच्या वर सातपुड्याकडं निघून गेला. पंधरा मिनिटांत लख्ख ऊन पडलं, ओल्या राखेला वास सुटला, हरभऱ्यावर फुलपाखरं आली. चार-दोन थेंब पडले होते, ते मोजण्यात येत नाहीत. मोजलं असतं तर निरंक. कुणी गाडीत बसलं नाही, कुणी निघूया म्हणालं नाही. मंजुश्री उठली, हात धुतले आणि जगऱ्यातला चिखल काठीनं उकरायला लागली. ऋत्विक तिच्याजवळ जाऊन बसला. अगदी मधे, तळाला, जिथं पाणी पोहोचलं नव्हतं तिथं सात-आठ रोडगे सापडले, वरून करपलेले, आतून जेमतेम भाजलेले. तिनं त्यातला एक फुंकून, पदरानं पुसून मारोतीपुढं ठेवला. हात जोडले. काय मागितलं, का काहीच नाही मागितलं, कोण जाणे. मग तिनं पत्रावळी मांडल्या.

रोडग्याचा तुकडा-तुकडा वाटला. भात, वरण, वांग्याची भाजी. ती एकेकाला वाढत पंगतीतून येत होती, आधी माहेरच्या म्हाताऱ्याला, मग बाकीच्यांना, मग ऋत्विकला, त्याच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. माझ्या पॅन्टचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते आणि राखेनं माखले होते. मी ते तसेच ठेवले होते. ती माझ्यापुढं आली. पळी भरलेली होती. ती थांबली, भाजीची वाफ माझ्या तोंडावर आली. मग तिनं पळी परत पातेल्यात ठेवली आणि पलीकडं बसलेल्या स्नेहलताला म्हणाली, "ताई, मोठ्या भाऊजीचं ताट तुम्ही वाढा." आवाजात राग नव्हता. ती पुढच्या माणसाकडं गेली.

स्नेहलता उठली. तिनं पातेल्यापाशी जाऊन माझी पत्रावळ भरली, माझ्यापुढं आणून ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "घ्या. जेवा." मी पहिला घास घेतला. भाजी कुणी केली हे मी विचारलं नाही. आईनंही सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.